जावळ्या

सरूबाई: ती काडीपेटी आधी खिशात घाल, मच्छिंद्रा. मग बोल माझ्याशी.

मच्छिंद्र: आत्या, तुम्ही शेळ्या घेऊन घरी जा बरं. ऊस माझा हाय. तोडायचा का पेटवायचा ते मी बघतो.

सरूबाई: ऊस तुझाच हाय. पर आत बसलंय ते तुझं न्हाई.

मच्छिंद्र: म्हणूनच पेटवतोय ना! सकाळपासनं टोळी चारी बाजूंनी तोडत आली, मधी एवढाच तुकडा राहिला आन् सगळ्यांनी कोयते टाकले. ते बघा, वर रस्त्यावर जाऊन बसल्यात. मुकादम म्हणतो, मालक, आमचं माणूस आत जाणार न्हाई. आत कुणीतरी खोकतंय म्हणं.

सरूबाई: खोकत न्हाई ते. हुंगतंय.

मच्छिंद्र: तुम्ही ऐकलं?

सरूबाई: मगाशी बांधावर उभी होते तवा ऐकलं. माझ्या शेळ्या बघ की. एक तरी चरतीया का? समद्या उसाकडं त्वांड करून उभ्या हायती.

मच्छिंद्र: बिबट्या असंल. शिरूर तालुक्यात बिबट्याला काय तोटा?

सरूबाई: बिबट्या असता तर शेळ्या पार भीमेच्या पाण्यात पळाल्या असत्या. आन् बिबट्याला कडी काढता येती व्हय रं? फॉरेस्टवाल्यांनी तुझ्याच बांधावर पिंजरा ठेवला. आत बोकड बांधलं. सकाळी बोकड न्हाई, रगताचा थेंब न्हाई, आन् पिंजऱ्याला भायेरनं परत कडी लावल्याली.

मच्छिंद्र: कुणीतरी चोरलं असंल बोकड.

सरूबाई: आन् वस्तीवरल्या इंद्रजीतनं बघितलं ते?

मच्छिंद्र: त्यानं सांगितलेलं मलाबी म्हाईत हाय. डेअरीला दूध घेऊन चालला होता. धुकं होतं. बांधावर कुणीतरी घोंगडं पांघरून बसलेलं दिसलं. त्याला वाटलं, तुमच्यातलाच कुणी मेंढका हाय. गाडी हळू केली आन् राम राम घातला.

सरूबाई: मग घोंगडं उठून उभं राहिलं. आत माणूस न्हवताच. घोंगडं म्हंजी त्याचंच आंग.

मच्छिंद्र: बास करा, आत्या. त्याच इंद्रजीतला बोलावलंय मी. वस्तीवरची पोरं घेऊन नदीच्या अंगानं येतोय. डिझेल हाय, टेंभे हायत. तो तिकडनं लावंल, मी इकडनं लावतो. दिवस बुडायच्या आत काय असंल ते संपवू. आज ते एवढ्याशा तुकड्यात अडकलंय. उद्या कुणाच्या गोठ्यात शिरलं, कुणाच्या घरात शिरलं, तर कुणी बघायचं? बायका शेतात यायच्या बंद झाल्यात. शाळेतली पोरं एकटी जाईनात. माझी स्वतःची बायको संडासला जाताना मला दारात उभं करती.

सरूबाई: भ्या मलाबी वाटतंय, बाबा. पर नदीची बाजू मोकळी ठेव. अंधारात ते आपलं आपण निघून जाईल. आमच्या बानं घाटात किती येळा बघितलंय त्येला.

मच्छिंद्र: कुठल्या घाटात?

सरूबाई: दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो. तवा ह्या जमिनी कुठं होत्या आमच्याकडं? घाटात दाट रान. तिथं ते दिसायचं. जावळ्या म्हणायची आमची माणसं त्येला. बा सांगायचा, उभ्या माणसाला ते बुजतं, आन् बुजलं की मग त्येचा नेम न्हाई. म्हणून ते दिसलं की बाया मटकन खाली बसायच्या, अंबाडा सोडायच्या आन् केस तोंडावर घ्यायच्या. ते यायचं, हुंगायचं, निघून जायचं.

मच्छिंद्र: जावळ्या? असलं कसलं नाव?

सरूबाई: ज्या लेकराचं जावळ उतरलं न्हाई ना, ते त्येला आपल्यातलंच वाटतं. माणसांनी आपलं पोर चोरून न्हेलं असं वाटतं. मारत न्हाई ते. घेऊन जातं.

मच्छिंद्र: घेऊन जातं म्हंजी? कुणाला नेलंय का कधी?

सरूबाई: माझ्या बाच्या धाकट्या भणीला. पुढं दर साली त्या घाटात उतरलं की माझी आजी मेंढरं तशीच सोडून झाडाझाडाला हाका मारत फिरायची. मी ल्हान होते. तिचा आवाज अजून कानात हाय माझ्या.

राजश्री: मालक! ओ मालक! माझी ओवी इकडं आली का ओ?

मच्छिंद्र: कोण ओवी? तू टोळीतली ना?

राजश्री: राजश्री, पाटोद्याकडली. ओवी माझी लेक हाय. त्या बाभळीला झोळी बांधून निजवली व्हती. सगळे रस्त्याकडं पळाले तवा मला वाटलं सासूनं घेतली, सासूला वाटलं मी घेतली. झोळी रिकामी हाय, माय!

मच्छिंद्र: पोरीचा बाप कुठाय?

राजश्री: ट्रॅक्टरसंगं कारखान्याला गेलाय. रस्त्यावर बगितलं, ट्रॉलीखाली बगितलं, आमच्या राहायच्या कोपीत बगितलं. कुठं बी नाय.

सरूबाई: केवढी हाय गं?

राजश्री: आत्ता आत्ता चालाय लागली, आजी. चार पावलं टाकती आन् बसती.

सरूबाई: जावळ? जावळ उतरलंय का तिचं?

राजश्री: नाय ओ. देवाचा नवस हाय. कारखाना बंद झाला की गावाकडं जाऊन उतरायचं हाय. का वो? जावळाचं कावून पुसता?

सरूबाई: न्हाई, सहज.

मच्छिंद्र: आत्या, जरा हिकडं या. ह्या सरीत ओल हाय. हे बघा.

राजश्री: काय हाय? मला बगू द्या. सरका की! ही... ही ओवीची पावलं हायत. अंगठा असाच भायेर पडतो तिचा. उसाकडं गेली? एकटी?

मच्छिंद्र: एकटी न्हाई.

राजश्री: हे शेजारचं काय? हे माणसाचं नाय. ह्याला टाचच नाय. केवढं लांब हाय हे!

सरूबाई: ल्हान पाऊल पडलं तिथं त्येनं बी पाऊल टाकलंय. ती थांबली तिथं ते बी थांबलंय. लेकराच्या चालीनं चाललंय, मच्छिंद्रा. हात धरून न्हेल्यासारखं.

राजश्री: सरा. मला जाऊ द्या आत.

मच्छिंद्र: थांब! वेडी हायस का? शिरूरला फोन लावतो, फॉरेस्टवाले येतील, पोलीस येतील. बंदूक तरी असंल त्यांच्याकडं.

राजश्री: कवा येतील?

मच्छिंद्र: तास तरी लागंल.

राजश्री: तासाभरानं दिवस असंल का?

सरूबाई: आन् तुझी पोरं? इंद्रजीत? तो येतोय ना डिझेल घेऊन?

मच्छिंद्र: अरे देवा. इंद्रजीत! लागंना फोन. नदीच्या खालच्या अंगाला रेंजच न्हाई. त्याला काय म्हाईत आत पोर हाय म्हणून? आला की पेटवायचं, माझी वाट बघू नको, असं मीच सांगितलंय त्याला.

सरूबाई: मग हितं उभा कशाला? पळ! बांधानं वळसा घाल आन् आडव त्यास्नी!

मच्छिंद्र: आन् तुम्ही?

सरूबाई: मी हिच्यासंगं आत जाते.

मच्छिंद्र: आत्या, तुमचं वय काय...

सरूबाई: पळ म्हणते ना! आन् तू गं लेकी, तो कोयता हितं ठेव.

राजश्री: नाय ठेवायची. ह्याच्याबिगर मी आत पाऊल टाकणार नाय.

सरूबाई: कोयता हातात असला की तू उगारशील. तू उगारलास की ते बुजंल. पोरगी त्येच्या हाताशी हाय, ध्यानात घे. ठेव खाली. हां. आता माझ्या मागनं ये, आन् काय बी दिसलं तरी वरडू नगंस.

* * *

सरूबाई: हळू. पाचट वाजतंय पायाखाली.

राजश्री: काय दिसंनाच, आजी. भायेर ऊन हाय आन् आत असं अंधारल्यावाणी.

सरूबाई: माझा पदर धर. सोडू नगंस.

राजश्री: वास येतोय कसला तरी.

सरूबाई: व्हय. ओल्या लोकरीचा. पावसात भिजल्याल्या मेंढराचा येतो तसा.

राजश्री: इथं बगा. उसाची चिपाडं पडलीत. सोलून खाल्लीत कांडी. आन् हे... आजी, हे तिचं टोपरं. माझ्या हातानं बांधलं व्हतं. ह्याची गाठ कुणी सोडली? तिला सुटत नाय ती. मला बी दातानं सोडाय लागती.

सरूबाई: चोळीत घाल ते. रडू नगंस. आवाज जातो.

राजश्री: थांबा. आयका. बोलतीया ती! ओवी बोलतीया!

सरूबाई: हाक मारू नगंस!

राजश्री: हसतीया, आजी. माझं लेकरू हसतंय.

सरूबाई: मग चांगलंच हाय की. रडत न्हाई, दुखलं-खुपलं न्हाई तिला. आता वाकून चल. आणखी खाली वाक. पुढं मोकळं दिसतंय.

राजश्री: ऊस आडवा केलाय सगळा. घरट्यावाणी. ती बगा! ती बगा ओवी! बसलीया. मी जाते...

सरूबाई: बस! खाली बस म्हणते ना! तिच्या मागं बघ.

राजश्री: पाचटाचा ढीग हाय तो.

सरूबाई: नीट बघ. ढीग खाली-वर होतोय.

राजश्री: माय... माय गं...

सरूबाई: त्वांड दाब. पदर कोंब तोंडात. अंबाडा सोड आता. सोड लवकर. केस तोंडावर घे, असे. माझ्यासारखे. आता हलू नगंस.

राजश्री: हात हाय त्याचा. तिच्या डोस्क्यावर हात हाय, आजी. बोटं केवढी लांब हायत. तिचे केस चाचपतंय. वर करतंय, खाली सोडतंय, हुंगतंय. ओवीला कसं भ्या वाटंना?

सरूबाई: तिला भ्या म्हाईत न्हाई आजून. हळू बोल.

राजश्री: किती येळ बसायचं?

सरूबाई: ते उठून बाजूला व्हईस्तवर. नदीची वाट मोकळी असंल तर ते आपण होऊन जाईल. मच्छिंद्रा पोचला असंल आता.

राजश्री: वळलं. आजी, त्यानं मान वळवली. इकडं बगतंय.

सरूबाई: खाली बघ. त्येच्याकडं बघू नगंस.

राजश्री: बगितलं मी. म्हातारं हाय ते. लई म्हातारं हाय, आजी. भुवया पांढऱ्या झाल्यात त्याच्या.

सरूबाई: गप. हुंगतंय आपल्याला. हुंगू दे. हात मांडीवर ठेव, तळवे वर कर. असेच. असेच राहू दे.

राजश्री: ओवीनं बगितलं मला. हसली. इकडं याया लागलीया.

सरूबाई: येऊ दे. तू हात पुढं करू नगंस. येऊ दे आपली आपण.

राजश्री: मनगट धरलं त्यानं तिचं. सोडीना. आजी, सोडीना ते!

सरूबाई: दमानं घे. दमानं, लेकी.

राजश्री: हे काय? जळाल्यावाणी काय येतंय?

सरूबाई: धूर हाय. नदीच्या अंगानं येतोय.

राजश्री: पेटवला! त्यांनी ऊस पेटवला! मालक गेलेत ना सांगाया?

सरूबाई: पोचला न्हाई वाटतं मच्छिंद्रा. बघ, ते उठतंय. तू उठू नगंस, राजश्री. बसून राहा!

राजश्री: केवढं हाय हे! उसाच्या वर गेलं डोस्कं त्याचं. घेतली! त्यानं उचलली तिला! काखंत घेतली!

सरूबाई: उभी राहू नगंस! गुडघ्यावर जा! रांगत जा त्येच्याकडं!

राजश्री: ओवी! ओवे, आई हाय इथं! सोड तिला! सोड! माझी हाय ती!

सरूबाई: धूर लई झाला... राजश्री! कुठं हायस? राजश्री!

राजश्री: पाय धरलाय मी तिचा, आजी! सोडणार नाय! जळाले तरी सोडणार नाय!

* * *

(दुसऱ्या दिवशी सकाळी, सरूबाईच्या अंगणात.)

मच्छिंद्र: निजली का पोरगी?

सरूबाई: आत्ताच डोळा लागलाय. रातभर आईच्या गळ्यातला हात काढला न्हाई तिनं. ये, बस. तुझ्या हाताला हे फोड?

मच्छिंद्र: टेंभा हिसकावून घेताना भाजला. उशीर झाला, आत्या. मी नदीच्या अंगाला वळतोय तोवर इंद्रजीतनं पहिला टेंभा टाकलेला. मी वरडतोय, आत पोर हाय, पोर हाय! वाऱ्यानं त्यास्नी ऐकाय गेलं न्हाई. ऐकलं तवा इंद्रजीत आग विझवाय धावला. रात्रभर दारात होता माझ्या. आता तुमच्या फाटकाबाहेर उभा हाय. आत यायचं धाडस होईना त्याला.

सरूबाई: त्येला म्हणावं, च्या पिऊन जा. पोरगी जित्ती हाय.

मच्छिंद्र: राजश्री, तुला बरं वाटत असंल तर एक विचारू? तिला सोडलं कसं त्यानं?

राजश्री: काय सांगावं, मालक. मी ओवीचा पाय धरून लोंबत व्हते. धुरानं डोळे उघडंनात. माझे केस सगळे तोंडावर, अंगावर. वरनं हात आला त्याचा. मला वाटलं, झालं, मोडली मान. तर त्यानं माझ्या केसात बोटं घातली. पार मुळाशी. मग तिच्या केसात घातली. परत माझ्या. नाकाला लावले माझे केस. तिचे लावले. मागं जाळ दिसत व्हता, ऊस फटाफट फुटत व्हता आन् ते असं करत बसलं.

मच्छिंद्र: मग?

राजश्री: मग वाकलं, मी भुईला टेकले, तवा खाली ठेवली तिला. टाकली नाय. माझ्या मांडीवर ठेवली.

सरूबाई: मी तिच्या आवाजाच्या अंगानं रांगत गेले, दंडाला धरून ओढलं दोघींना. आलो त्याच वाटेनं मागं. तुझ्या बाजूनं पेटल्यालं न्हवतं म्हणून वाचलो, मच्छिंद्रा.

राजश्री: मी मागं वळून बगितलं नाय. ते तिथंच जळालं असंल ना, मालक? सगळा तुकडा जळून गेला की.

मच्छिंद्र: पोरं तसंच सांगत्यात. मोबाईलवर बी टाकलंय, रानमाणूस जळून खाक. पहाटे समदी राख चाळली त्यांनी. हाड न्हाई, कायबी न्हाई. आता अर्धं गाव म्हणतंय जळालं, अर्धं म्हणतंय मुळात कुणी न्हवतंच, मच्छिंद्रा उगं घाबरला.

सरूबाई: तू काय म्हणतोस?

मच्छिंद्र: मी कुणाला काय बोललो न्हाई. तुम्हा दोघींना सांगतो. बाहेर जाऊ देऊ नका. न्हाईतर पोरं परत टेंभे घेऊन निघतील.

सरूबाई: सांग.

मच्छिंद्र: पोरं आग विझवायला वरच्या अंगाला पळाली. मी खाली एकटा होतो. आन् ते धुरातनं माझ्या समोर आलं. दोन पायावर. ह्या पडवीच्या खांबापेक्षा उंच. एका खांद्यावरचे केस जळत होते. माझ्या हातात टेंभा होता, पाण्यात बुडवून विझवलेला. तो पडला हातातनं. मी खाली बसलो. मान खाली घातली. तुमच्यासारखे केस न्हाईत मला तोंडावर घ्यायला, टोपी होती ती खाली ओढली. माझ्या अंगावर पाण्याचे थेंब पडावेत तशी राख पडत होती त्याची.

राजश्री: तुम्हाला काय केलं नाय?

मच्छिंद्र: माझ्याकडं त्याचं ध्यानच न्हवतं. ते मागं बघत होतं, उसाकडं. मग पाण्यात उतरलं. कमरेएवढं पाणी, सरळ चालत गेलं. पलीकडच्या काठाला लागलं आन् तिथं थांबलं.

सरूबाई: दौंडाच्या अंगाला?

मच्छिंद्र: व्हय. मला वाटलं जाईल आता. जाईना. दिवस बुडाला तरी काठावर उभं होतं, हिकडं त्वांड करून. अंधार पडल्यावर दिसायचं बंद झालं. गेलं का तिथंच हाय, ते मला सांगता येणार न्हाई.

सरूबाई: अगं बाई! मच्छिंद्रा, हिची टोळी आज कुठं जाणार हाय ते म्हाईत हाय ना तुला?

मच्छिंद्र: तेच तर सांगायला आलो, आत्या. मुकादमाचा ट्रॅक्टर लागलाय रस्त्यावर. पुढचा फड पलीकडचा हाय. नदीच्या काठचाच.

राजश्री: पलीकडं म्हंजी दौंडाकडं?

मच्छिंद्र: व्हय. राजश्री, तू राहा हितंच. आत्यांकडं राहा, न्हाईतर माझ्या घरी राहा. महिनाभर राहा. तुझ्या नवऱ्याशी मी बोलतो, मुकादमाशीबी बोलतो.

राजश्री: ओवीचा बाप एकटा तोडंल कसा? एक तोडतो, दुसरी मोळी बांधती. आन् मी इथं बसून राहिले तर रोज तिन्हीसांजेला नदीकडंच बगत बसन. यापरीस कामात बरी.

सरूबाई: पर त्या अंगाला... आगं, पोरगीच्या डोस्क्याला हे फडकं का गुंडाळलंस? थंडी लागलीया का?

राजश्री: पहाटे सासूनं जावळ उतरलं. ब्लेडनं.

सरूबाई: आन् देवाचा नवस?

राजश्री: हात जोडले देवाला. म्हणलं, तुझं तुला मिळालं नाय, रागवू नको. लेकरू राहिलं पायजे.

सरूबाई: बरं केलंस. ते केस कुठं हायती?

राजश्री: ह्या पदराच्या गाठीत. टाकू वाटंना.

सरूबाई: जवळच ठेव. पाण्यात सोडू नगंस, आन् रानात बी टाकू नगंस.

मच्छिंद्र: ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. राजश्री, अजून विचार कर.

राजश्री: केला मालक. तुम्ही एकच करा. पलीकडच्या मालकाला तुम्ही वळखत असाल ना?

मच्छिंद्र: तात्याबाचा मळा हाय तो. माझा सोयराच लागतो. काय सांगू त्याला?

राजश्री: सांगा, चारी बाजूंनी तोडायचा नाय. आम्ही रस्त्याकडून तोडत जाऊ, नदीची बाजू मोकळी राहील. आन् ऊस पेटवायचा नाय, कायबी दिसलं तरी.

मच्छिंद्र: तो विचारंल, का म्हणून.

राजश्री: काय बी सांगा. साप लई हायत म्हणा.

सरूबाई: आन् तू ऊस तोडायला लागलीस की ही पोरगी कुठं राहणार? झोळीत?

राजश्री: नाय आजी. तुमचं एक जुनं लुगडं द्या मला. तिला पाठीला बांधूनच तोडन.